मामूंची नळी

मामूंच्या खोलीत शिरलं की आधी अत्तराचा वास यायचा. खस, गुलाब, कधी मजमुआ. लातूरच्या गंजगोलाईतून ते महिन्याला तीन-चार शिश्या आणायला लावायचे. मी तेव्हा शाळेत होतो. मामूंना अत्तराचा शौक आहे, एवढंच मला वाटायचं. सुट्टीत नांदेडहून लातूरला गेलो की ते माझ्याही मनगटाला फाया लावत. ते अत्तर कशासाठी होतं हे कळायला मला दहा वर्षं लागली. कळलं तेव्हा मामूंच्या त्या दुखण्यात माझीही एक चूक मिसळली गेली. तीच सांगायला बसलोय. मामूंना विचारूनच लिहितोय. "लिख, लेकिन मेरा नाम मत लिख," एवढीच त्यांची अट.

मामू गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले. दगडमातीच्या हात-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. तेच घर अंगावर आलं. हजारो माणसं गेली. लातूर, उमरगा, सोलापूरची हॉस्पिटलं भरली. मामू त्या दिवसांत तिकडे मुडदे काढायला गेले होते. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. नंतर ५२ गावं नव्या जागेवर वसवायचं ठरलं आणि जिल्ह्यातल्या गवंड्यांना दोन-तीन वर्षं हाताला काम मिळालं. मामूंनाही मिळालं. १९९६ साली औसा तालुक्यातल्या एका नव्या गावात पाण्याच्या टाकीचं काम चालू असताना परांचीचा बांबू सटकला. मामू खाली आले ते थेट पाठीवर. वय तेहतीस.

कमरेचा पहिला मणका फुटला होता. सहा महिने अंथरुणात गेले. मग हळूहळू पायात हालचाल आली. आधी वॉकर, मग काठी. मामू अंगणात उभे राहिले त्या दिवशी अम्मीने नांदेडहून पेढे पाठवले. सगळ्या खानदानाने शुक्र अदा केला. येणारा-जाणारा प्रत्येक जण मामूंचे पाय बघायचा. पायाखेरीज आणखी काही गेलंय का, हे कुणी विचारलं नाही आणि मामूंनी सांगितलं नाही.

इथे जरा शरीराकडे वळतो. मी नांदेडला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही माझी रोजची वाट आहे. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली येतो, पण माकडहाडापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशीच निमुळता होऊन संपतो. त्याच्या खाली फक्त मज्जातंतूंची मुळं घोड्याच्या शेपटीसारखी लोंबत असतात. रज्जूचं ते शेवटचं टोक बोटाच्या पेराएवढं. लघवी, शौच आणि नवरा-बायकोचं नातं, या तिन्हींचा कारभार तिथून चालतो. पायांचे तंतू थोडे वरून निघतात आणि टोकाच्या शेजारून मुळांच्या रूपात खाली जातात. मुळं मार सहन करतात, पुष्कळदा सावरतातही. टोक सावरत नाही. मामूंचा मणका नेमका तिथेच फुटला होता. म्हणून पाय परत आले आणि बाकीचं आलं नाही.

निरोगी माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते. ते भरत आलं की भिंत ताणली जाते, तो ताण तंतूंवाटे रज्जूच्या टोकाला आणि तिथून वर मेंदूला कळतो. योग्य वेळ आली की मेंदू परवानगी देतो, मूत्राशयाचा स्नायू आवळतो आणि त्याच क्षणी दाराचा स्नायू सैल होतो. दोन कामं एकदम आणि एकमेकांच्या उलट. आपण हे दिवसातून सहा-सात वेळा करतो आणि त्याचा विचारही करत नाही. मामूंना भरल्याचं कळत नसे आणि भरलं तरी स्नायू आवळत नसे. भरलेल्या माठावर आणखी पाणी ओतत राहावं तसं ते वरून सांडायचं. थेंब थेंब, दिवसरात्र. ते मुठीने ओटीपोट दाबून निघेल तेवढं काढत. आत उरलेलं साचून राही, कुजे, दर दोन महिन्यांनी ताप येई. मुमानी जुन्या साड्यांच्या घड्या करून द्यायची, रात्री धुवायची आणि गच्चीवर अशा कोपऱ्यात वाळत घालायची जिथे शेजारणींची नजर जाणार नाही. आणि अत्तर.

मामू मशिदीत जायचे थांबले. हे मला लहानपणी विचित्र वाटे, कारण अपघाताआधी त्यांची फजर कधी चुकली नव्हती. जे वाचक मुसलमान नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: नमाजला वुजू लागतो आणि लघवीचा थेंब आला की वुजू तुटतो. ज्याचा थेंब थांबतच नाही त्याने काय करावं? मोहल्ल्यातल्या मौलानांनी विचारल्याबरोबर सांगितलं की असा माणूस माज़ूर. प्रत्येक नमाजच्या वेळेला एकदा वुजू करावा, ती वेळ संपेपर्यंत तो चालतो, मधे थेंब आला तरी नमाज होते. हनफी फिकहमध्ये हा मसला शेकडो वर्षांपासून लिहिलेला आहे. म्हणजे मामूंसारखी माणसं शेकडो वर्षांपूर्वीही होती आणि कुणीतरी येऊन त्यांच्यासाठी विचारलं होतं. मामूंनी ते ऐकलं, घरात नमाज सुरू केली, पण मशिदीची पायरी चढले नाहीत. "मसला मेरे वास्ते है, लेकिन जाजम तो सबकी है ना," असं म्हणाले. ईदला ते मशिदीबाहेर, चपलांच्या पलीकडे, आपली चटई टाकून बसायचे.

१९९७ मध्ये मुमानीने मन्नत मागितली म्हणून त्यांना मुंबईला हाजी अलीला नेलं होतं. भरतीआधी, दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून ते त्या बांधावरून दर्ग्यापर्यंत गेले आणि परत आले. त्याच हाजी अलीला, रस्त्याच्या कडेला, शारीरिक पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था १९५५ पासून उभी आहे. मणक्याला मार लागलेल्यांना जगायचं कसं ते शिकवणं हेच तिचं काम. टॅक्सी तिच्या जवळूनच गेली असणार. आमच्यापैकी कुणाला पाटी वाचायचंही सुचलं नाही. दर्ग्याला गेल्याचं मला काही वाटत नाही, मीही जातो. वाटतं ते पाटीचं.

आता माझी गोष्ट. २००६ चा एप्रिल. मी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात एम.एस्सी. करत होतो. आमच्या घराण्यात विज्ञान शिकलेला पहिलाच, आणि त्याची मिजास होती. वर्तमानपत्रात बातमी आली: अमेरिकेत प्रयोगशाळेत मूत्राशय तयार, रुग्णांच्या शरीरात बसवलं. सोबत फोटो होता. काचेच्या भांड्यात हातमोजे घातलेल्या हातांनी धरलेली एक गुलाबी पिशवी. मामूंचं खरं दुखणं तोपर्यंत अम्मीने मला सांगितलेलं होतं. मी कात्रण कापलं, एसटीत बसलो आणि लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं. जशी काही मीच ती पिशवी घेऊन निघालो होतो.

त्याच महिन्यात लातूरच्या एका डॉक्टरांनी मामूंना सांगितलं होतं की दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिका, नाहीतर किडनीवर जाईल. डॉक्टरांनी हे उभ्या-उभ्या सांगितलं, कसं करायचं ते कुणी दाखवलं नाही. मामूंना ऐकूनच घाम फुटला होता. "ये नळी-वळी नक्को रे बाबा, मेरे से नै होता." आणि तेवढ्यात मी कात्रण घेऊन हजर. मी त्यांना समजावलं, अगदी वर्गात समजावावं तसं: तुमच्याच पेशी काढतात, वाढवतात, नवीन पिशवी शिवतात, जुनीच्या जागी लावतात. चार-पाच वर्षांत इकडेही येईल. मामूंनी विचारलं, "तब तक नळी नै डाला तो चलता?" मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं सोयीचं आहे, हेही मला कळतं. मामूंना मात्र आठवतं. मी म्हणालो होतो, "चलता होगा."

त्यांनी ते कात्रण भिंतीवरच्या नमाजच्या वेळांच्या तक्त्यामागे खोचून ठेवलं.

मूळ शोधनिबंध मी वाचला तो तीन वर्षांनी. तो लॅन्सेटमध्ये छापला होता, डॉ. अँथनी अटाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. खोटं त्यात काहीच नव्हतं. सात रुग्ण, चार ते एकोणीस वर्षांचे. जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेली मुलं, स्पायना बायफिडा म्हणतात ते. त्यांची मूत्राशयं आखडून कडक झाली होती, आतला दाब वाढून किडनीला धोका होता. डॉक्टरांनी मूत्राशयाचा छोटा तुकडा काढला, त्यातल्या स्नायूच्या आणि अस्तराच्या पेशी वेगळ्या केल्या, वाढवल्या, कोलॅजनच्या किंवा कोलॅजन आणि विरघळणाऱ्या धाग्याच्या साच्यावर पेरल्या आणि साधारण सात आठवड्यांनी तो साचा त्या मुलांच्या मूत्राशयाला शिवला. पहिली शस्त्रक्रिया १९९९ मधली. काही मुलांत दाब उतरला, पिशवीत जास्त मावू लागलं, कोरडं राहण्याचा वेळ वाढला. पण नवीन पिशवीला मज्जातंतू जोडलेले नव्हते. पिशवी भरली हे मेंदूला कळत नव्हतं आणि रिकामी हो असा हुकूम तिला मिळत नव्हता. त्यामुळे ती मुलं आधी जे करत होती तेच नंतरही करत राहिली. दिवसातून ठरलेल्या वेळी नळी घालून लघवी काढायची.

म्हणजे ज्या नळीपासून मी मामूंना वाचवायला निघालो होतो, ती नळी त्या बातमीच्या आतच होती. मी फोटो बघून थांबलो होतो.

पुढचीही गोष्ट सांगून टाकतो. हाच उपचार मोठ्या प्रमाणावर तपासायला एका कंपनीने दहा मुलांवर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापले गेले. उपयोग म्हणावा असा फरक पडला नाही आणि गंभीर त्रास अपेक्षेपेक्षा जास्त झाले. ती बातमी आमच्याकडच्या एकाही वर्तमानपत्रात मला दिसली नाही. आशेची बातमी पहिल्या पानावर येते, फसल्याची येत नाही. यात पत्रकारांचा दोष मी फार धरत नाही, मीही कात्रण कापणाराच होतो.

२००८ च्या पावसाळ्यात मामूंना थंडी वाजून ताप आला, उलट्या सुरू झाल्या, बोलणं असंबद्ध झालं. लातूरहून नांदेडला आणलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या पाण्याने फुगलेल्या. आत साचलेल्या लघवीचा दाब उलटा वर गेला होता, त्यात जंतू. तेरा दिवस ते दवाखान्यात होते. उजवी किडनी सावरली, डावी सुकून गेली. डॉक्टरांनी विचारलं, नळी घालायला कधी सांगितलं होतं? मुमानीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने जमिनीकडे बघून सांगितलं, "दो साल हुए." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो.

शिकवलं ते एका सिस्टरने. पडदा ओढला, मामूंना बसवलं, हात साबणाने धुवायला लावले, के-९० नावाची साधी प्लास्टिकची नळी हातात दिली, जेली लावली, श्वास सोडत हळूहळू पुढे सरकवायला सांगितली. वीस मिनिटांत झालं. बारा वर्षं ज्याची भीती वाटत होती ते वीस मिनिटांत. मामू मला नंतर म्हणाले, "दर्द नै होता रे. कुछ समझताच नै उधर." ते म्हणताना हसले, पण ते हसण्यासारखं नव्हतं. दुखत नव्हतं कारण तिथलं काही जाणवतच नव्हतं.

या नळीची एक गंमत आहे, आणि मला ती प्रयोगशाळेतल्या पिशवीपेक्षा मोठी वाटते. पहिल्या महायुद्धात मणका मोडलेले सैनिक बहुतेक मरायचे, काही आठवड्यांत नाहीतर वर्षा-दोन वर्षांत. मणक्याने नाही, मूत्राशयाच्या आणि जखमांच्या जंतूंनी. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ पासून, इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी ते चित्र बदललं, पण नळी घालायची तर ती निर्जंतुक, हातमोजे घालून, डॉक्टर किंवा नर्सच्याच हातून, असा दंडक होता. मग १९७२ मध्ये मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी सांगितलं की निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली की पुरे. कारण मूत्राशय आजारी पडतं ते मुख्यतः ताणलं जाऊन. भिंत ताणली की तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतू तिथे घर करतात. वेळेवर रिकामं करत राहा, थोडे जंतू शरीर स्वतः बघून घेतं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. आज जगभर हाच उपचार पहिला मानतात. साबण, पाणी, एक नळी आणि घड्याळ.

घड्याळ मामूंकडे होतंच. चार-चार तासांनी घाला असं सिस्टरने सांगितलं होतं. मामूंनी ते अजानला बांधलं. फजरच्या आधी, जोहरच्या आधी, असर, मगरिब, इशा. आधी नळी, मग वुजू. फक्त फजर आणि जोहरच्या मधला काळ फार लांबतो, उन्हाळ्यात आठ तासांवर जातो. तिथे त्यांनी दहाच्या सुमारास, चाश्तच्या नमाजच्या वेळी, एक नळी वाढवली. भिंतीवरच्या वेळांच्या तक्त्यावर त्यांनी पेन्सिलीने चाश्तसमोर एक बारीक आडवी रेघ मारली. मागचं कात्रण तसंच होतं. काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दोन-तीन महिन्यांत कपडे कोरडे राहू लागले. मुमानीच्या गच्चीवरच्या घड्या संपल्या. मामूंनी मौलानांना निरोप पाठवला: आता थेंब येत नाही, मी अजून माज़ूर आहे का? मौलानांनी सांगितलं की एका नमाजची अख्खी वेळ कोरडी गेली तर माज़ूरपण संपलं, आता तुम्ही सगळ्यांसारखे. पुढच्या जुम्याला मामू मशिदीत गेले. शेवटच्या सफमध्ये, दरवाज्याजवळ, खुर्चीवर. अत्तर लावूनच गेले. सवय.

या सगळ्यानंतर मी मज्जातंतूंबद्दल वाचत राहिलो, थोडं प्रायश्चित्त म्हणून. हातापायातले, म्हणजे मज्जारज्जूच्या बाहेरचे तंतू तुटले तर ते परत वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. त्यांच्याभोवतीच्या श्वान पेशी वाट तयार करून देतात. ऊती-अभियांत्रिकीने इथे खरंच काही मिळवलंय. बोटाचा तंतू तुटून मधे छोटं अंतर पडलं असेल तर कोलॅजनची किंवा विरघळणाऱ्या प्लास्टिकची बारीक नळी बसवतात, तंतू तिच्यातून पलीकडे पोचतो. हीसुद्धा नळीच, बघा. पण अंतर काही सेंटिमीटरच्या पुढे गेलं की ती कमी पडते. मज्जारज्जूच्या आत तर गोष्टच वेगळी. तिथे जखमेवर वण धरतो आणि आजूबाजूच्या आवरणातली द्रव्यं नव्या अंकुराला अडवतात. उंदरांवर खूप काम झालंय. मूळपेशी पेरलेले साचे, तंतूंना वाढवणारी प्रथिनं, नाकातल्या गंधतंतूंभोवतीच्या पेशी. काही उंदरांची मूत्राशयं बरी चालू लागली. उंदराला ओलांडायचं अंतर मिलिमीटरांचं असतं. मामूंच्या कमरेपासून मूत्राशयापर्यंत वीत-दीड वीत. दिवसाला एक मिलिमीटर धरला तरी वर्षाच्या आसपास, आणि तोवर वाट बघणारा स्नायू झिजत जातो. शिवाय मामूंची तार तुटलेली नाही, वीजघरच गेलंय. टोकातल्या ज्या पेशींतून ते तंतू निघतात त्याच मेल्या. जिथून अंकुर फुटायचा तिथेच काही नाही. इंग्लंडच्या डॉ. ब्रिंडली यांनी मुळांना वीज देऊन मूत्राशय आवळायला लावणारं यंत्र काढलं, ते पुष्कळ रुग्णांत चाललं, पण त्यालाही ते टोक जिवंत लागतं.

२०१३ मध्ये मामूंचे जावई एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याची जाहिरात घेऊन आले. मूळपेशींची चार इंजेक्शनं, काही लाख रुपये. प्लॉट विकायचा विचार पक्का झाला होता. या वेळी मी आधी वाचलं. त्यांना विचारलं, हे कुठे छापलंय, किती रुग्णांवर, किती दिवस बघितलं? उत्तर नव्हतं, रुग्णांचे व्हिडिओ होते. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या नियमावलीत स्पष्टच लिहिलं की रक्ताच्या आजारांसारखे ठराविक उपचार सोडले तर मूळपेशी हा मान्य उपचार नाही, बाकी सगळं फक्त चाचणीच्या चौकटीत, आणि पैसे घेऊन तर नाहीच. जावई काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मामूही गप्प होते. दोन माणसांनी दोन वेळा वेगळं सांगितलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. दोन्ही वेळा सांगणारा मीच.

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना वेगळा सांगायला नको. टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. आमच्या घरी त्या दुष्काळाचं गणित निराळं होतं. एकच किडनी असलेल्या माणसाने भरपूर पाणी प्यायचं असतं, नाहीतर खडे होतात. नळी प्रत्येक वेळी धुवायची असते, हातही. दिवसाला सहा नळ्या, पाच वुजू. मुमानीने पाण्याच्या तीन कळश्या वेगळ्या केल्या आणि मामूंच्या कळशीला कुणी हात लावायचा नाही असा दम पोरांना दिला. मामू चोरून कमी प्यायला लागले. लघवीचा रंग बघून मुमानीने पकडलं. मी दर रविवारी नांदेडहून कॅन घेऊन जायचो. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "जमजम आणलं का काय?" वुजूचं पाणी वाचवायला मामूंनी तयम्मुम सुरू केलं होतं, माती काय लातूरात भरपूर होती. मौलानांना नाही विचारलं. नळीचं पाणी मात्र त्यांनी कमी केलं नाही.

त्याच वर्षी मुमानीने एक पुस्तक वाचलं. ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, उर्दूपेक्षा मराठी भरभर वाचते. पुस्तक होतं नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची'. कोल्हापूरच्या नसीमादीदींचं कमरेखालचं शरीर ऐन तरुणपणी गेलं आणि पुढे त्यांनी अपंगांसाठी संस्था उभी केली. हे मी तिला सांगितलं होतं, म्हणून ती वाचायला तयार झाली. मला वाटलं होतं संस्थेचं वाचून तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "मुसलमान औरत हो के इतना खुला लिखी रे. हमारे घर में बीस साल हुए, हम दोनों ने अंधेरे में भी ये बात नै की." मग तिने मला जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. लघवी, शौच आणि तिसरी गोष्ट, असं मी वर एका ओळीत लिहून पुढे गेलो. तिची त्यात सगळी तरुणाई गेली.

मागच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, मामूंच्या नातवाने त्यांना मोबाइलवर बातमी दाखवली. अमेरिकेत लॉस एंजेलिसला जगातलं पहिलं मूत्राशय प्रत्यारोपण झालं. डॉक्टरांपैकी एक इंदरबीर गिल, आपल्याकडचं नाव. मी त्या आठवड्यात लातूरला होतो. मामू आता बासष्टचे, दाढी पांढरी, क्रिएटिनीन दोनच्या आत ठेवून आहेत. त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. बातमी मी आधीच वाचली होती, मूळ पत्रकासकट. कर्करोगाने मूत्राशय गेलेला आणि दोन्ही किडन्या गमावलेला माणूस, त्याला दात्याची किडनी आणि मूत्राशय दोन्ही बसवलं. रक्तवाहिन्या जोडल्या.

मी काही बोलायच्या आत मामूंनी विचारलं, "और नस?"

"नस नै जोडे, मामू."

"पेशाब किया क्या वो आदमी?"

"किया. लेकिन उसका मणका अच्छा था."

मामूंनी मान हलवली. भिंतीवरचा तक्ता आता नवीन आहे, दर वर्षी बदलतो. कात्रण कधी गेलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. असरला वीस मिनिटं होती. त्यांनी काठी घेतली, खिडकीतला स्टीलचा डबा उचलला आणि मोरीकडे गेले. मुमानीने आतून ओरडून विचारलं की बादलीत पाणी आहे का. मी बघायला उठलो.